मारेगाव ते मुंबई: विमानाचा दीड तास आणि दुकानाचा दिवस

समजा, मारेगावात तुमचं कापडाचं दुकान आहे आणि माल बघायला मुंबईच्या मंगलदास मार्केटला जायचंय. नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने भागलं तर पन्नासेक मिनिटं येतात. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपास दिसतो. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, मुंबईवर नंबर लागेपर्यंत घिरट्या, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

आता घड्याळ मारेगावातून लावा. विमान सकाळी १० चं. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून ८ ला पोहोचायचं. करंजी-हिंगणघाट-बुटीबोरीमार्गे रस्ता तीन तासांचा (विमानतळ वर्धा रोडवरच आहे, शहर ओलांडावं लागत नाही). म्हणजे पहाटे ५ ला निघा. साडेअकराला मुंबई, बॅग घेऊन बाहेर पडेपर्यंत १२, मार्केटला दीड. झाले साडेआठ तास! आणि हो, तिकीट काढताना विमान नवी मुंबईला उतरतंय का तेही बघा, हिशेब बदलतो.

रात्रीची दुरांतो घेतली तर? तास जास्त, पण तुम्ही झोपेत जाता आणि सकाळी सीएसएमटीला उतरता. मार्केट तिथून जवळ. दुकानाची फक्त एक संध्याकाळ जाते, बाजाराला अख्खा दिवस मिळतो.

तुमच्या दुकानाची एका दिवसाची विक्री किती? तो आकडा तिकिटाच्या शेजारी लिहा, मगच बुकिंग करा.