ध्वनिशोषणाची मोजणी : दोन रीती, दोन आकडे

पुणे-सोलापूर महामार्गावरील पाटस हे दौंड तालुक्याच्या ऊसपट्ट्यातील गाव. भीमा सहकारी साखर कारखान्यामुळे उसाची चिपाडे येथे सर्वांच्या परिचयाची आहेत. साखर कारखान्यांत ती मुख्यतः बॉयलरमध्ये जाळली जातात. परंतु त्यांपासून ध्वनिशोषक तक्तेही करता येतात; अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९२० च्या दशकात असे तक्ते बनू लागले. सभागृहात घुमणारा आवाज आवरण्यास ते उपयोगी पडतात. मात्र तक्ता किती आवाज शोषतो, हे ठरवावे कसे?

तक्त्यावर पडलेल्या ध्वनिऊर्जेचा जो हिस्सा परतत नाही, तो त्याचा शोषणांक. उघड्या खिडकीचा शोषणांक १ मानतात.

पहिली रीत निनादकक्षाची. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाईन यांनी १८९५ पासून केलेल्या प्रयोगांत तिचे मूळ आहे. कठीण भिंतींच्या मोठ्या खोलीत आवाज एकाएकी थांबवून तो ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा वेळ मोजतात. मग सुमारे १० ते १२ चौरस मीटर तक्ते मांडून पुन्हा मोजतात. वेळ घटतो, त्यावरून शोषणांक काढतात. येथे आवाज सभागृहाप्रमाणेच सर्व दिशांनी पडतो. तक्त्याच्या कडांमुळे आकडा कधी १ च्या वरही जातो.

दुसरी रीत नळीची. नळीच्या एका टोकाला ध्वनिक्षेपक, दुसऱ्या टोकाला सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा तुकडा. जाणाऱ्या व परतणाऱ्या लहरी मिळून नळीत स्थिर लहर होते. तिच्या कमाल व किमान दाबाचे गुणोत्तर ३ आल्यास शोषणांक ०.७५ येतो. ही रीत स्वस्त आहे. पण येथे आवाज केवळ समोरून पडत असल्याने आकडा बहुधा कमी येतो.

हा फरक थेट खर्चावर परिणाम करतो. समजा, ६०० घनमीटरच्या सभागृहात निनाद ३ सेकंद टिकतो व तो १ सेकंदावर आणायचा आहे. सॅबाईन यांच्या सूत्रानुसार ६४ चौरस मीटर जादा शोषण लागेल. शोषणांक ०.८ धरल्यास ८० चौरस मीटर तक्ते पुरतील; ०.५ धरल्यास १२८ लागतील.

म्हणून नवा तक्ता विकसित करताना नळी वापरावी. सभागृहाचा हिशेब मात्र निनादकक्षातील आकड्यावर करावा. खरेदीपूर्वी शाळांनी व ग्रामपंचायतींनी तीन गोष्टी विचाराव्यात : आकडा कोणत्या रीतीचा, कोणत्या कंप्रतेचा, आणि तक्त्यामागे किती पोकळी ठेवून घेतलेला? चिपाडे ज्वालाग्राही असल्याने अग्निरोधक प्रक्रियेचीही खातरजमा करावी.