झाकणाचा धोका : वर्गातील ड्राय आइसचा प्रयोग

संप्लवन, म्हणजे घनपदार्थाने द्रवरूप न घेता थेट वायुरूपात जाणे, विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ड्राय आइससारखे देखणे साधन दुसरे नाही. मात्र गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावात ते शहरातूनच आणावे लागत असल्याने प्रयोगाची खबरदारी वर्गात नव्हे, तर खोका ज्या वाहनातून येतो तिथपासून सुरू होते. ड्राय आइस हा गोठवलेला कार्बन डायऑक्साइड असून त्याचे तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस असते, आणि या वायूचा द्रव होण्यास वातावरणाच्या दाबाच्या पाचपटींहून अधिक दाब लागत असल्याने उघड्यावर तो वितळत नाही, नुसताच विरतो. एका किलोपासून सुमारे ५४० लिटर वायू सुटतो व हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तळाशी साचतो. म्हणून काचा चढवून, एसी लावून तो आणण्याची सोयीची रीत टाळावी आणि उन्हाने थोडा माल घटला तरी खिडक्या उघड्याच ठेवाव्यात.

वर्गात खरा धोका झाकणाचा. अतिथंड तुकड्याचा चटका लगेच कळतो आणि जाड हातमोजे व सांडशी यांनी टळतोही. परंतु अनुभव असा की, प्लास्टिकच्या बाटलीत तुकडे टाकून झाकण घट्ट फिरवून पाहण्याचा मोह उत्साही मुलांना आवरत नाही, आत वाढणारा दाब बाहेरून दिसत नाही आणि बाटली फुटते ती हातात किंवा चेहऱ्याजवळ. त्यामुळेच हा माल सैल झाकणाच्या थर्माकोलच्या खोक्यात आणावा, फिरकीच्या डब्यात किंवा थर्मासमध्ये कदापि नाही, आणि उरलेले तुकडे फ्रीजमध्ये न ठेवता मोकळ्या हवेत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे विरू द्यावेत.

पाण्यात तुकडा पडताच उसळणारा पांढरा धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइड, असे वहीत हमखास लिहिले जाते. वास्तविक तो वायू अदृश्य असून दिसतात ते गारव्याने बाष्पाचे झालेले सूक्ष्म थेंब. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही, कारण धूर ओसरला म्हणजे वायूही गेला, असा घातक समज त्यातूनच होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये मॉस्कोत बंदिस्त तरणतलावात शोभेच्या धुरासाठी ड्राय आइस ओतल्याने तिघांचा मृत्यू झाला; मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधील एका उपाहारगृहात मुखशुद्धी म्हणून तोच दिला गेल्याने ग्राहकांना रक्ताच्या उलट्या झाल्या. तेव्हा तुकडा तोंडात जाणार नाही, याकडे शिक्षकाने स्वतः लक्ष द्यावे.

एवढी दक्षता जिथे शक्य नाही, तिथे किराणा दुकानातला कापूर पुरतो. बशीत त्याचा चुरा ठेवून त्यावर नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा बसवलेले काचेचे नरसाळे पालथे घालावे आणि कापूर चटकन पेट घेतो म्हणून ज्योतीऐवजी गरम पाण्याच्या पातेल्यावर बशी ठेवावी. काही वेळाने नरसाळ्याच्या थंड आतील बाजूस पांढरे कण धरतात. कल्हईवाल्यांचा नवसागरही या प्रयोगासाठी सुचवला जातो, परंतु तापल्यावर त्याचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड या दोन झोंबणाऱ्या वायूंत विघटन होते आणि थंड जागी तेच पुन्हा जुळून नवसागर बनतो, त्यामुळे काटेकोर अर्थाने ते संप्लवन नव्हे, आणि कोंदट वर्गात तर तो तापवूच नये.