चार घरांचं बोकड

चार घरांनी मिळून एक बोकड घ्यायचं ठरवलंय म्हणतोस. घ्या की. पण स्वस्त पडेल म्हणून घेत असाल तर आधी हिशेब ऐक. जिवंत २५ किलोचं बोकड कापलं, की मुंडी, कातडं, पाये आणि पोटातलं बाजूला काढून हाती ११-११.५ किलो मटण येतं. निम्म्याहून कमीच. समज, जिवंत वजनावर ४०० रुपये किलोनं सौदा झाला, तर बोकड १०,००० ला पडलं आणि मटण ९०० च्या आसपास. वर कापणावळ आणि गाडीभाडं वेगळं. दुकानातला भाव यापेक्षा कमी निघाला तर मला बोल लावू नकोस. तुमच्या पदरात जास्तीचं पडतं ते काळीज, गुर्दे, वजडी, मुंडी आणि चार पाये. शिवाय जनावर कुणाच्या दावणीचं, काय खाऊन वाढलं, हे कळतं. तेवढ्यासाठी घ्यायचं असेल तर पुढचं ऐक.

मी जन्मभर शेळ्या राखल्या, म्हणून घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याची बाजू मला जास्त ठाऊक आहे. आखाडात आणि बकरी ईदच्या तोंडावर बोकडाचा भाव विचारूच नये. आखाडात देवाला बोकड, गटारीला जावयाचा पाहुणचार, सगळ्यांना एकदमच पाहिजे असतं. चैतातल्या जत्रांचंही तसंच, आणि उन्हाळ्यात जनावर वाळलेलं असतं ते वेगळंच. अंगावर खरं मांस चढतं ते पावसाळ्याचा पाला खाऊन. दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत घे. तेव्हा तुरीचं भुसकट असतं, बांधाला चारा असतो आणि थंडीत मटण टिकायलाही बरं.

बाजारातून घेऊ नकोस. वैरागच्या काय नि बार्शीच्या काय, बाजारात हेडे असतात. रुमालाखाली बोटं धरून सौदा करतात, कितीला तुटला ते शेजारी उभ्या राहिलेल्यालाही कळत नाही. शेळी आणणारी बाई तर दोन हात लांबच उभी असते. त्यातून काही जण पहाटेच बोकडाला मीठ चारून वर पाणी पाजतात. पोट टम्म फुगतं आणि तुला वाटतं बोकड भरलंय. त्या पाण्याचे पैसे मटणाच्या भावानं मोजशील.

त्यापेक्षा वस्तीवर जा. सकाळी, शेळ्या चरायला सुटायच्या आधी. उपाशीपोटी वजन केलं की फसवाफसवीला जागा राहत नाही. तिथं एकटं बोकड बघू नकोस, सगळा कळप बघ. लेंड्या सुट्ट्या आणि गोल आहेत ना, का शेपटीखाली चिकटलंय? नाकाला शेंबूड, खोकला? एक जरी ठसकत असेल तर चहा पिऊन निघून ये. इंजेक्शन किंवा जंताचं औषध कधी दिलंय ते विचार. औषध दिल्यावर किती दिवस जनावर कापायचं नाही हे जनावरांच्या डॉक्टरला ठाऊक असतं, तेवढे दिवस थांबायचंच.

आता बोकड. आपल्याकडची शेळी उस्मानाबादीच. जिल्ह्याचं धाराशिव झालं तरी शेळीचं नाव काही कुणी बदललं नाही. काळीभोर, एखादीच्या अंगावर पांढरे ठिपके. खालचा ओठ ओढून दात बघ. सगळे दुधाचे असतील तर ते अदंत, वर्षाच्या आतबाहेरचं, मटण कोवळं. समोरचे दोन मोठे पडले असतील तर दोनदाती, दीड वर्षाच्या आसपासचं. चार घरांच्या वाट्याला ते बरं, अंगही असतं आणि शिजतंही. त्यापुढचं नको. पोटाकडे बघत बसू नकोस, कमरेवर हात ठेव. कण्याची दोन्हीकडची हाडं बोटाला टोचली तर नुसता सांगाडा. कण्याच्या बाजूला मांस भरून हात सपाट बसला, तर घे. खच्ची केलेलं असेल तर उत्तम. मोठं झालेलं अंडील बोकड उग्र वास मारतं, शिजवताना शेजाऱ्यांनाही कळतं. शेळी कुणी स्वस्तात देऊ केली तर आधी गाभण नाही ना ते बघ. गाभण कापायची नाही, कायद्यानंही बंदी आहे.

भावात घासाघीस कर, पण दोनदाच. जूनमध्ये शाळा उघडल्या की वह्या-पुस्तकांसाठी बायका बोकडं काढतात. तेव्हा अडलेल्या बाईकडून पाचशे कमी करून घेतलेस तर पुढच्या साली चांगलं जनावर ती दुसऱ्याला देईल आणि तुला उरलंसुरलं दाखवील. पैसे तिच्या हातात दे, नवऱ्याच्या नको. का ते तुला वस्तीवर कळेल.

कापायचं काम मुलाण्याचं. गावगाड्यात त्याचा हक्क ठरलेला होता, आता मजुरी असते. ती आधीच बोलून घे. कातडं कुणाचं तेही. आदल्या रात्री बोकडाला चारा बंद, पाणी मात्र ठेवायचं. त्याला पळवायचं नाही, दमलेल्या, भ्यालेल्या जनावराचं मटण चांगलं होत नाही. आणि तुमच्या पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये असलं काही करू नका. शहरात मान्यतेच्या कत्तलखान्यातच कापायचा नियम आहे, परवानावाल्या खाटकाशी आधी बोलून ठेव. उभा राहून एवढंच बघ, की सोलताना कातड्याची केसाची बाजू मटणाला लागू देत नाही ना. बोकडाचा वास तिथूनही लागतो.

खरी कसोटी वाट्यांची. एकाला रान, एकाला खांदा असं करू नका, आयुष्यभराची भांडणं होतात. रान, खांदा, सीना, चाप, गर्दन, नळ्या, सगळ्याचे तुकडे करून प्रत्येक ढिगात थोडं थोडं पडलं पाहिजे. काळीज शेवटी, बोटभर तुकड्यांनी. तुझे आजोबा वाटे घालायचे तेव्हा ताडपत्री अंथरून ढीग मांडायचे आणि गुडघ्यावर बसून लांबून निरखायचे. या ढिगातली एक नळी उचलून त्यात, त्यातला चरबीचा तुकडा यात. तराजू जवळ असूनही. वजन सारखं आलं तरी हाडं एकीकडं जातात, ते डोळ्यालाच दिसतं म्हणायचे. मग एका पोराला पाठ करून उभं करायचं, ढिगावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ‘हा कुणाचा?’ पोरगं नाव घेईल त्याचा. वाटे घालणाऱ्याचं नाव मात्र पोरानं घ्यायचं नाही. उरेल तो त्याचा.

घरी आणल्यावर मटण लगेच फ्रीझरमध्ये कोंबू नका. कापल्यावर काही तासांत ते ताठरतं. तसंच गोठवलं तर मग चार शिट्ट्या जास्त घेतल्या तरी चिवटच. एक रात्र खालच्या फ्रीजमध्ये राहू दे, मग अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या कर. एक मोठा गोळा गोठवला की तो पुरता सुटेपर्यंत पाहुणे जेवून जातील. एकदा सुटलेलं परत गोठवायचं नाही. काळीज आणि वजडी ठेवायची नाहीच, त्याच दिवशी शिजली पाहिजे. वजडीला गरम पाणी आणि चुना, खरवडून पांढरी होईपर्यंत. हे काम करायला कुणी तयार आहे का ते बोकड घ्यायच्या आधीच विचार. पोरांना मीठ-हळदीचं आळणी आधी काढून दे, काळं तिखट मग.

आमच्या वेळी फ्रीज कुठला. चैताच्या उन्हात लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून दोरीवर वाळत घालायचो आणि पावसाळ्यात भाकरीबरोबर खायचो. तुमच्या गॅलरीत ते जमणार नाही, माश्या आणि मांजरं सोडत नाहीत.

मुंडी आणि पाये चार घरांत वाटत बसू नका. पाळी लावा, या खेपेला एका घरी, पुढच्या खेपेला दुसऱ्या. आणि ते खाटकाकडूनच भाजून, तासून घे. गॅसवर केस जाळायला गेलास तर धूर आणि वास आठवडाभर घरातून जायचा नाही. मुंडी फोडायलाही त्यालाच सांग, पण भेजा अख्खा काढून वेगळा बांधून दे म्हणावं.