आक्काची बोरमाळ

मार्च १९७७. लोकसभेच्या मतदानाला आठवडा उरला होता. मी पुण्याहून माण तालुक्यात, थोरल्या बहिणीच्या गावी गेलो. वय बावीस, खांद्याला शबनम, तिच्यात जनता पक्षाची पत्रकं. आणीबाणीत आमचे एक प्राध्यापक येरवड्यात होते. १९७५च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांना मी मांडवात बसून ऐकलं होतं. इंदिरा गांधींना मत देणारा माणूस एक तर भित्रा, नाहीतर विकला गेलेला, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

संध्याकाळी ओसरीवर दाजी आणि शेजारचे चार-पाच जण बसले होते. आक्का आत चुलीपाशी. मी सुरू झालो : मिसा, वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप, दिल्लीतलं तुर्कमान गेट, नसबंदी. दाजी शांतपणे म्हणाले, "सगळं खरं असंल पाव्हणं, पण दुष्काळात बाईनंच जगवलं." चारचौघांत आपल्या मुद्द्याला उत्तर मिळालं, हे मला सोसलं नाही. माझा आवाज चढला. म्हणालो, "मिलो आणि सुकडी खाऊन मत विकलंय तुम्ही. तुम्हीही आणि आक्कानंही."

भाकरी थापल्याचा आवाज थांबला. आक्का पिठाच्या हातानं दारात आली. तिच्या गळ्यात बोरमाळ होती, ती मला दिसली होती. तिच्याबद्दल विचारावं असं वाटलं नाही. आक्का एवढंच बोलली, "जेवून घे, आन् सकाळच्या एस्टीनं जा."

१९७२च्या दुष्काळात हीच आक्का पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी धड थापता यायची नाही. कामावर पोरांना सुकडी मिळायची. त्या वर्षी मी पुण्याच्या वसतिगृहात दोन वेळा जेवत होतो. असं असताना ते वाक्य माझ्या तोंडून गेलं.

निकाल लागला. रायबरेलीत इंदिराबाई राजनारायण यांच्याकडून सुमारे ५५ हजार मतांनी पडल्या. आमच्या जिल्ह्यात मात्र यशवंतराव चव्हाण काँग्रेसकडूनच निवडून आले. दिल्लीत सरकार बदललं म्हणजे माझंच खरं ठरलं, असं मी धरून चाललो. दिवाळी आली तेव्हा भाच्याच्या हातून निरोप आला : मामाला म्हणावं, यंदा भाऊबीजेला येऊ नको. पुढच्या वर्षी निरोपही आला नाही. १९८०च्या जानेवारीत इंदिराबाई पुन्हा निवडून आल्या, जनता पक्ष फुटून गेला, आमचा अबोला मात्र तसाच राहिला.

मे १९८२मध्ये भाचीचं लग्न निघालं. मामा म्हणून मला बोलावणं आलं, मी गेलो. हळदीच्या रात्री आक्कानं गळ्यातली बोरमाळ काढून मुलीच्या गळ्यात घातली आणि म्हणाली, "ही इंदिराबाईची माळ हाय, जपून वापर." तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे गं?"

माळ आईनं तिला लग्नात घातलेली. दुष्काळात बी-बियाण्यापायी सावकाराकडे गहाण पडली. व्याज फुगत गेलं आणि तिनं माळेची आशा सोडून दिली. १९७५ साली राज्यात कर्जमुक्तीचा कायदा आला. अल्पभूधारक, शेतमजूर, गावातले कारागीर यांची सावकारी कर्जं रद्द झाली, गहाण वस्तू परत करणं सावकाराला भाग पडलं. कायदा केला मुंबईच्या सरकारनं, पण वीस कलमी कार्यक्रमाचा गाजावाजा दिल्लीतून झालेला. आक्काच्या लेखी माळ सोडवली ती इंदिराबाईंनी. मी मत विकल्याचं बोललो तेव्हा ती माळ गळ्यात परत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

मग आक्का आपणहून पुढचं बोलली. नसबंदीची जीप वाडीवर यायची, तेव्हा दाजी दोन रात्री ज्वारीच्या पिकात निजले होते. शेजारच्या एकाला उचलून नेलं, तो पुढं कामाला कधी सरळ उभा राहिला नाही. "ते वाईटच झालं," ती म्हणाली. ओसरीवर दोन तास ओरडून जे मी तिच्या गळी उतरवू पाहत होतो, ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. माझ्यासमोर ते कबूल करायची सोय मीच ठेवली नव्हती.

माझं मत बदललेलं नाही. आणीबाणी हा गुन्हाच होता. शाह आयोगानं नोंदवलेली मिसाखालची अटक सुमारे ३५ हजारांची आहे, आणि त्या आकड्यात आमचे सरही आहेत. पण नेत्यानं केलेल्या गोष्टींचा जाब मी माझ्या बहिणीला विचारत होतो.

हे आज लिहितोय, कारण तेच वाक्य पुन्हा कानावर येतंय. 'लाडकी बहीण'चे पंधराशे रुपये घेतले म्हणून मत विकलं, असं शिकलेली माणसं घरकाम करणाऱ्या बाईला तोंडावर म्हणतात. २०२२मध्ये शिवसेना फुटली, पुढच्या वर्षी राष्ट्रवादी, आणि सख्खे भाऊ एका पंगतीला बसेनासे झाले. योजनेवर जरूर टीका करा, नेत्यावर करा, आकडे काढून करा. घेणाऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवू नका. तो पैसा तिच्या घरात कुठे गेला, हे तुम्हाला माहीत नसतं.

वाद घालायचाच तर दोघांतच घाला. ओसरीवर शेजारी नसते, तर दाजी आणि मी दोघंही इतके ताठ राहिलो नसतो, असं मला आजही वाटतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर तीस जण बघत असतात. तिथं कुणीच माघार घेत नाही. आणि समोरच्याला आधी विचारा, या नेत्याला तुम्ही पहिलं मत कधी दिलंत, तेव्हा घरात काय चाललं होतं. उलटतपासणीसाठी नव्हे, खरोखर ऐकायला विचारा. उत्तराला वेळ लागेल, लागू द्या. कुणी दुसऱ्याच्या हालांवर खूश होऊन बोलत असेल, तर 'हे मला मान्य नाही' असं स्पष्ट सांगून उठा; तिथं गप्प बसणं म्हणजे संमती. पण अशी माणसं मला आयुष्यात थोडीच भेटली. आक्कासारखी पुष्कळ भेटली.

आक्का जाऊन आता बारा वर्षं झाली. १९७७पासून १९८१पर्यंत, आमच्या पाच भाऊबीजा झाल्या नाहीत.