वकिलीची पात्रता परीक्षा आणि बदलते कायदे

वकिलाची फी भरणाऱ्या पक्षकाराला त्याचे ज्ञान आधी पारखून घेता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी व्यवसायप्रवेशावर परीक्षेचे बंधन असते. दिल्लीस्थित भारतीय विधिज्ञ परिषदेची पहिली अखिल भारतीय बार परीक्षा ६ मार्च २०११ रोजी झाली. ती घेण्याचा परिषदेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्राह्य ठरविला.

या परीक्षेच्या शंभर गुणांत फौजदारी कायद्यांना २६ गुण देण्यात आले : दंडविधी ८, प्रक्रिया १० व पुरावा ८. १ जुलै २०२४ रोजी हे तिन्ही कायदे बदलले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील परीक्षेत नव्या संहितांचा समावेश झाला. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ ऐवजी १०३ झाले, तर फसवणुकीचे ४२० ऐवजी ३१८. तथापि, त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना १८६० ची दंडसंहिताच लागू राहते. त्यामुळे नवोदित वकिलास दीर्घकाळ दोन्ही व्यवस्था जाणून घ्याव्या लागतील.

परीक्षेत टीपांविना मूळ अधिनियम जवळ बाळगण्याची मुभा आहे. म्हणून कलमांचे पाठांतर नव्हे, तर कोणत्या घटनेला कोणता कायदा लागू होतो याची जाण तपासली जाणे आवश्यक ठरते. दिल्ली, नोएडा वा गुरुग्रामच्या न्यायालयात वकिलाने केलेल्या चुकीची किंमत अखेर पक्षकारच मोजतो. कधी पैशाने, तर कधी कोठडीतील दिवसांनी.