सांगाड्याची साक्ष

इंग्लंडमधील जुन्या वस्तूंच्या बाजारात कधीकधी एखाद्या सायकलीचा गंजलेला सांगाडा विकावयास येतो. चाके गेलेली, बैठक नाहीशी झालेली, रंगाचे पोपडे उडालेले! विक्रेता सांगतो, "ही सायकल दुसऱ्या महायुद्धातील आहे." हे खरे असेल, तर त्या लोखंडाला इतिहासाचे मोल येते, खोटे असेल, तर ती केवळ मोड ठरते. मग सत्य कसे ओळखावे? सांगाड्याला वाचा नसते. पण डोळसपणे पाहणाऱ्याला तो साक्ष देतो.

पुष्कळांची दृष्टी प्रथम कारखान्याच्या मुद्रेवर जाते. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजेच बी. एस. ए., ही कंपनी १८६१ साली बंदुका बनवण्यासाठी स्थापन झाली. पुढे ती सायकलीही बनवू लागली. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्या आहेत, असे तिचे चिन्ह होते. परंतु हे चिन्ह सामान्य नागरिकांच्या सायकलींवरही असे. तेव्हा बंदुका दिसल्या म्हणून सायकल सैन्याची, असे म्हणता येत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असेही असू शकते!

मुद्रेपेक्षा घडण अधिक विश्वासू असते. १९४२ ते १९४५ या काळात या कंपनीने सैन्यासाठी सुमारे सत्तर हजार घडीच्या सायकली तयार केल्या. विमानातून छत्रीच्या साहाय्याने उतरणाऱ्या सैनिकाला आपल्याबरोबर वाहन नेता यावे, हा त्यांमागील हेतू होता. या सायकलीच्या सांगाड्यात बाक दिलेल्या दुहेरी नळ्या असून त्यांचा आकार लंबगोल दिसतो. वरच्या व खालच्या नळ्यांवर बिजागऱ्या असतात. तेथील नटांना दोन कान असतात. त्यामुळे ते पान्यावाचून, नुसत्या हाताने फिरवून सायकलीची घडी करता येते. ६ जून १९४४ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या काही ब्रिटिश व कॅनेडियन सैनिकांजवळ अशा सायकली होत्या.

तथापि, येथेही फसगत होऊ शकते. युद्ध संपल्यावर याच कंपनीने मुलांसाठी त्याच वळणाची एक लहान सायकल काढली. तिच्या नळ्या तशाच वाकलेल्या असतात. मात्र तिला बिजागरी नसते.

यानंतर बारीक खुणा पाहाव्या लागतात. ब्रिटिश सरकारच्या मालकीच्या वस्तूंवर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण उमटवीत. कॅनडाच्या सैन्याच्या वस्तूंवर हाच बाण इंग्रजी 'सी' अक्षराच्या पोटात असे. धातूत ठोकलेला क्रमांक ओळख पटलेल्या इतर सायकलींच्या क्रमांकांशी ताडून पाहता येतो. युद्धानंतर उरलेल्या सायकली नागरिकांना विकल्या गेल्या व कित्येकांनी त्या पुन्हा रंगवल्या. म्हणून वरचा रंग हलकेच खरवडल्यास खाली जुना हिरवा थर सापडण्याचा संभव असतो. परंतु हिरवा रंग आजही कोणी लावू शकतो आणि खोटी खूणही ठोकू शकतो. यास्तव एकाच पुराव्यावर विसंबून चालत नाही. घडण, क्रमांक, खूण आणि रंग या सर्वांची साक्ष जुळली, तरच निर्णय द्यावा.

तो निर्णयही मर्यादेतच द्यावा. सायकल सैन्यासाठी बनली, एवढे सांगाडा सांगू शकतो; ती रणांगणावर गेली, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. खरी सायकल मोडीत गेली, तर इतिहासाचा एक दुवा तुटतो. पण साध्या सायकलीला युद्धाचा खोटा मान दिला, तर जे खरोखर लढले त्यांच्यावरच अन्याय होतो.

स्वाध्याय
१. बंदुकांच्या चिन्हावरून सायकल सैन्याची का ठरत नाही?
२. सैनिकांची घडीची सायकल व मुलांची सायकल यांतील फरक सांगा.
३. 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' या म्हणीचा अर्थ लिहा.