गुहेआधी गाव बघ

गुहेत जाऊन राहावंसं वाटणं यात वेडेपणा काही नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुला वाटेल, वहिनीनं आत्याला मुद्दाम डोळे वटारायला पाठवलंय. मुलुंडला वाढलेल्या माणसाच्या मनात हे येणारच. पाच रस्त्यावर संध्याकाळी उभं राहवत नाही, आणि पश्चिमेला मान वळवली की डोंगर. त्या बाजूच्या वस्तीचं नावसुद्धा योगी हिल. टॉवर झाले, पार्किंगवरून भांडणं झाली, पण नाव तेच राहिलं. आता तर त्याच डोंगराच्या पोटातून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे काढतायत. म्हणजे डोंगराच्या आत जायची ओढ सगळ्यांनाच आहे, तुझी जरा जुन्या पद्धतीची आहे इतकंच.

मी तरुणपणी गुहांमध्ये पुष्कळ रात्री काढल्यात. आमच्या काळी मुलगी पाठीला सॅक लावून निघाली की अख्खी चाळ गॅलरीत यायची. हरिश्चंद्रगडावरच्या लेण्यात पहाटे जाग येते तेव्हा जी शांतता असते, तिची चटक लागते, हे मला ठाऊक आहे. भिंत इतकी जाड की बाहेरच्या उन्हाचा आत पत्ता नाही. दाराची बेल नाही, कुणाचा फोन नाही, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग नाही. म्हणून तुला जाऊ नको म्हणत नाही. पण जायचं तर नीट जा.

सगळ्यात आधी एक कानात लिहून ठेव. गुहा शोधण्याआधी गाव शोधायचं. तुला वाटतंय, माणसांपासून सुटका म्हणजे गुहा. गुहेत टिकून राहिलेल्या कुणाचंही बघ, त्याच्यामागे खाली एक गाव होतं आणि त्या गावातून कुणीतरी वर येत होतं.

कान्हेरी बघ ना. नकाशावर रेघ मारली तर आपल्या घरापासून फार लांब नाही, फक्त जायला बोरिवलीचा वळसा पडतो. एकाच डोंगरात शंभराहून जास्त लेणी, आणि इसवी सनाच्या आधीपासून दहाव्या शतकापर्यंत तिथे भिक्षूंचा राबता होता. पुढे व्हरांडा, आत खोली, बसायला-झोपायला दगडी बाक, बाजूला पाण्याचं टाकं, आणि एकीतून दुसरीकडे जायला खडकात कोरलेल्या पायऱ्या. मला तर ती आपल्या जुन्या चाळीसारखीच दिसते, फक्त नळाच्या वेळेवरून भांडण नाही. तिथले शिलालेख वाचले की उलगडा होतो. कल्याणच्या एका सोनारानं टाकं खोदून दिलंय. कल्याणच्याच लोहारानं वाट करून दिलीय. सोपाऱ्याचे, नाशिकचे दाते आहेत. कुणी शेताचं उत्पन्न लावून दिलंय, पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूला वस्त्रं मिळावीत म्हणून. कल्याण आणि सोपारा ही तेव्हाची भरभराटीची बंदरं. बाजारात पैसा खुळखुळत होता म्हणून डोंगरात ध्यान चाललं होतं. भिक्षूंना तर अन्न साठवायचीही मुभा नव्हती, रोज कुणाच्या तरी दारात उभं राहावंच लागे. नियमच असा की माणसांशी नातं तुटता कामा नये.

आणि आपले तुकोबा? भामचंद्राच्या डोंगरावर बसले, भंडाऱ्यावर बसले. भाकरी घेऊन तो चढ कोण चढत होतं? आवली. तिच्या पायात काटा मोडल्याची कथा कीर्तनात ऐकताना सगळे विठ्ठलाकडे बघतात, मी त्या टोपलीकडे बघते. तेव्हा सूनबाईशी आधी बोल. ती टोपली डोक्यावर घ्यायला तयार नसेल, आणि ती का असावी, तर दुसरी सोय लाव. गावातल्या एका घराशी रीतसर ठरव: आठवड्याला दळण, मीठ, काडेपेट्या, महिन्याचे इतके पैसे. फुकट कुणाच्या जिवावर विरक्ती करायची नाही.

आता जागा. नॅशनल पार्कातली गुहा डोक्यातून काढून टाक. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, उद्यानात परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही, आणि कान्हेरी तर पुरातत्त्व खात्याची, संध्याकाळी बाहेर काढतात. शिवाय बिबटे. २००४ साली उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये काय हाहाकार झाला होता तो मुलुंडकरांना सांगायला नको. बिबट्याला दोष नाही, घर त्याचं आहे. सह्याद्रीतल्या इतर डोंगरांवरही पुष्कळ ठिकाणी अभयारण्य नाहीतर संरक्षित स्मारक असतं. हरिश्चंद्रगडही त्यातच आला. वनखात्याच्या चौकीवर जाऊन विचारायचं, लपूनछपून राहायचं नाही. आधीच एखादा बाबा राहत असेल तर त्याला विचारल्याशिवाय त्याच्या चुलीशेजारी पथारी टाकायची नाही. गावदेव असेल तर त्याचेही नियम असतात. ढाकच्या बहिरीच्या गुहेत देवाची भांडी ठेवलेली असतात. वापरायची, घासायची, जागेवर ठेवायची. नेली तर देव बघून घेतो म्हणतात. देवाचं माहीत नाही, पण खालचे लोक नक्की बघून घेतात.

गुहा पाहायची ती भर पावसाळ्यात. डिसेंबरात सगळ्याच गुहा सुंदर असतात. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असलेली बरी. जमीन बाहेरच्या बाजूला उतरती हवी. भिंतीवर हात फिरवायचा. शेवाळ, काळा ओघळ नाहीतर पांढरी खार दिसली की तिथे वरून पाझर आहे. खाली ताज्या कोराचे दगड पडलेले असतील तर छत अजून सुटतंय, लगेच मागे फिर. तोंडाशी वर आग्या मोहोळ असेल तरी तेच, तिथे धूर करायचा नाही आणि अंगाला अत्तर-बित्तर नको. वटवाघळांच्या लेंड्यांचा थर असेल तर झाडू मारत बसू नकोस, ती धूळ छातीत जाते.

पाण्यावर मात्र नीट लक्ष दे, कारण माणूस गुहेतून परत येतो तो बहुतेक पाण्यापायी. कान्हेरीच्या कारागिरांनी डोंगराच्या अंगावर चर खणले, पाऊस त्यातून टाक्यात वळवला, आणि टाकं खोल ठेवलं. आपल्याला ते खोदता येणार नाही, पण जिवंत टाकं ओळखता येतं. चैत्र-वैशाखात गावातल्या बायकांना विचार, अमुक टाक्याला आत्ता पाणी आहे का. पुरुषांना विचारू नकोस, ते ‘असतं की बारा महिने’ म्हणून मोकळे होतात. पाणी आणायच्या बाईला तळ कुठे लागतो ते ठाऊक असतं. आणलेलं पाणी फडक्यातून गाळ, तुरटी फिरवून निवळू दे आणि मग खळखळून उकळ. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पिण्याच्या टाक्यात हात-पाय, भांडी, साबण काही घालायचं नाही. शौचाला टाक्यापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला, खड्डा करून, माती लोटून.

चूल तोंडाशी, एका कडेला. थंडी वाजते म्हणून आतल्या कोपऱ्यात शेकोटी पेटवून झोपायचं नाही. धूर दिसतो तरी, पण निखाऱ्यांचा वायू दिसत नाही आणि झोपेतच माणूस जातो. लाकूडफाटा पावसाआधी आत रचून ठेव. आषाढात मिठाचं पाणी होतं, पिठाला वास येतो, काडेपेटी ओली होते. म्हणून मीठ खड्याचं आणि बरणीत, काडेपेट्या झाकणाच्या बाटलीत, धान्य अख्खं. कुळीथ ने. तो टिकतो, पोटाला आधार देतो, आणि पिठलं-भात खाऊन कंटाळा आला तर कढण करता येतं.

झोपायची गोष्ट सगळे हसण्यावारी नेतात. दगड अंगातली ऊब ओढून घेतो. खाली ताडपत्री, तिच्यावर पेंढा, वर घोंगडी. आणि मच्छरदाणी, तीसुद्धा कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी घट्ट खोचलेली. डासांपेक्षा मण्यारीसाठी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या उबेला येते, आणि चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. कोकणाच्या अंगाला गेलास तर दगडाखाली फुरसं. दगड हातानं उलटायचा नाही, काठीनं. बूट घालण्याआधी रोज झटकायचे. चावलंच तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक, हे काही नाही. तो भाग हलू द्यायचा नाही आणि लस असलेलं जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. ते कुठे आहे आणि तिथवर रात्री गाडी कोण काढेल, हे जायच्या आधी ठरलेलं हवं. बघ, पुन्हा गाव आलंच.

दुपारची वेळ वाईट असते. सकाळ कामात जाते, रात्र भीतीत जाते, दुपारी मात्र मन घरच्या जुन्या भांडणांचे निकाल लावत बसतं. तेव्हा हाताला काम हवं: धान्य निवडणं, दोरी वळणं, काहीतरी लिहिणं. शिवथरघळीत रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, ही परंपरा तुला माहीत आहे. म्हणजे घळीतही सोबत होती आणि रोजचं काम होतं. महाडजवळची ती घळ पुढे विस्मरणात गेली होती, १९३० साली धुळ्याच्या शंकरराव देवांनी ती शोधून काढली. श्रावणात तिथल्या धबधब्याचा आवाज ऐकून ये. गुहेत शांतता असते असं ज्यांना वाटतं त्यांनी तर यावंच.

निघण्याआधी दात दाखवून घे, दाढ डोंगरावरच दुखते. चष्मे दोन ने. बँकेचं खातं दोन वर्षं नुसतं पडून राहिलं की निष्क्रिय होतं, तेव्हा दादाला नाहीतर सूनबाईला त्यात घाल. माझ्यासारखी पेन्शन असती तर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी खाली यावंच लागलं असतं. संन्याशाला सरकार जिवंत धरतं ते अंगठा उमटल्यावर.

आणि एकदम गुहाच कशाला? आधी इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवस बसून बघ. १९७६ पासून तिथे विपश्यनेची शिबिरं चालतात. फोन जमा करतात, बोलणं बंद, पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, आणि संध्याकाळी पाचला चहा आणि फळ. पॅगोड्यात एकेकट्याने बसायच्या छोट्या अंधाऱ्या खोल्या आहेत, त्यांना शून्यागार म्हणतात. पहिल्या खेपेला मिळेलच असं नाही. फी नाही. तुझ्या आधी बसून गेलेल्यांच्या दानातून तुझं ताट वाढलं जातं, त्या कल्याणच्या सोनाराच्या टाक्यासारखंच. दहा दिवसांत तिथून पळून यावंसं वाटलं नाही, तर पुढचं बोलू. वहिनीला मी सांभाळते.

अर्ज आधी भरावा लागतो, जागा पटकन भरतात. कल्याणहून नाशिककडची लांबची गाडी मिळाली तर उत्तम. नाहीतर कसारा लोकल धर आणि पुढे घाटातून जीप. जीपवाल्याशी भाडं बसण्याआधी ठरव.